डिकमनचा प्लॉट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, वेंडल ओटके, क्रेमर्स बेंडचा महापौर होता. महापौर म्हटल्यावर कुणी गळ्यात साखळी घातलेला, मोटारीतून मिरवणारा माणूस डोळ्यांपुढे आणू नये. वेंडल नळकाम करायचा. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा आणि त्यापायी त्याच्या सगळ्या विजारी एकाच जागी फाटायच्या. माझी बहीण व्हेल्मा त्या शिवून शिवून वैतागली होती. सरकारदरबारी आमचं बेंड हे शहर, त्यामुळे नऊशे माणसांना एक महापौर लागायचा आणि तो व्हायला कुणीच तयार नसायचं. ज्या सभेत वेंडलला निवडलं त्या सभेला तो हजरसुद्धा नव्हता, कुणाच्या तरी तळघरात गरम पाण्याची टाकी बसवत होता. घरी आल्यावर बातमी कळली तेव्हा "अरे देवा" एवढंच म्हणाला. नाही मात्र म्हणाला नाही.

नाही असं बेंडमध्ये कुणीच म्हणत नाही. ही आमच्या पाण्यातलीच खोड आहे. जेवून जा म्हटलं तर पोट भरलेला माणूसही मुकाट्याने बसतो. चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड खारट झालं असलं तरी दुसऱ्यांदा मागून घेतो. एखादी गोष्ट नको असेल तर आमच्याकडे "बघू या की" म्हणतात, आणि अगदीच नको असेल तर "नक्की, नक्की!" परक्या माणसाला यातलं काही कळत नाही. आमचं आम्हाला कळतं, असा आमचा समज होता.

गाव वसलं तेच मुळी एका फजितीतून. क्रेमर नावाच्या जर्मन माणसाची बोट मिसिसिपीच्या वळणावर गाळात रुतली, काही केल्या निघेना, म्हणून तो तिथेच राहिला. पुढे नदीतल्या शिंपल्यांची बटणं कापायचे कारखाने निघाले. माझ्या आजोबांच्या काळी निम्म्या देशाच्या सदऱ्यांना बेंडची बटणं आहेत असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगायचे, आणि गावात तेव्हा तीन हजारांवर माणसं होती. मग प्लास्टिकची बटणं आली. कारखाने गेले, त्यांच्यामागून माणसं गेली, आणि भोकं पडलेले शिंपले तेवढे उरले. ते आम्ही अंगणात खडीसारखे पसरायचो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला दोन मैलांवर टेकाड, मध्ये परातीसारखी सखल काळी जमीन आणि नदीला बाहेर ठेवायला मातीचा बांध. टेकाडावर फक्त कब्रस्तान होतं. बेंडचा माणूस मेल्याशिवाय चढ चढत नाही, अशी आमच्यात थट्टाच होती.

कारखाने गेल्यावर या गावात धरून राहावं असं काही नव्हतं. होता तो शेजार. व्हेल्माच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर डिकमनांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. हॅरॉल्ड डिकमन शाळेची बस चालवायचा. त्याची बायको ल्युसिल सकाळी व्हेल्माचा दिवा लागलेला दिसला नाही तर घरातल्या सपाता घालून बर्फातून धावत यायची. दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्ही घरांत. रविवारी संध्याकाळी चौघं युकर खेळायची. हा चौघांचाच पत्त्यांचा डाव, दोन विरुद्ध दोन. वेंडल आणि हॅरॉल्ड नेहमी एका बाजूला आणि नेहमी हरायचे.

"तुम्ही दोघं पत्ते बघून खेळता की एकमेकांची तोंडं बघून?" ल्युसिल विचारायची.

"तुझ्यापेक्षा त्याचं तोंड बरंय म्हणून बघतो," वेंडल म्हणायचा, आणि हॅरॉल्ड टेबलावर हात आपटून हसायचा. लग्न मी केलं नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. रविवारी कोपऱ्यात बसून त्यांच्यासाठी मक्याच्या लाह्या करायची, एवढाच माझा त्या डावात भाग.

मग ज्या उन्हाळ्यात बांध फुटला, तो उन्हाळा आला. पुराचं मी फार सांगत नाही. पाणी खिडक्यांच्या वर चढलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. उतरलं तेव्हा व्हेल्माच्या बैठकीच्या खोलीत हाताएवढा कॅटफिश मरून पडला होता. वास जाता जाईना. शेवटी सरकारने सांगितलं की आम्ही तुमची घरं विकत घेतो, पाडतो, आणि त्या जमिनीवर पुन्हा कधीही कुणी घर बांधायचं नाही. पैसे घ्या आणि हवं तिथे जा.

हवं तिथे म्हणजे कुठे, हे ठरवायला शेजारच्या वेस्टफल गावच्या चर्चमध्ये सगळे जमलो. अख्खं गाव टेकाडावर नेऊन नव्याने बांधायचं, अशी वेंडलची कल्पना होती. लोक खाली मान घालून ऐकत होते. म्हातारी टिली ब्रॉकहाउस काठी टेकत उभी राहिली.

"वर जायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण सकाळी खिडकी उघडली की समोर एडना दिसली पाहिजे. आता या वयात मी नवं माणूस शिकणार नाही, सांगून ठेवते."

"आणि मला बरी नवी टिली परवडेल?" एडना मागच्या बाकावरून म्हणाली. "हिलाच सवय लावण्यात माझा जन्म गेला."

पुरानंतर पहिल्यांदाच लोक हसले. वेंडलला भाषण कधी जमलं नाही, पण त्या हसण्याने त्याला जोर आला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी शब्द देतो. आज तुमच्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, समोर कोण, वर गेल्यावरही तेच. शेजार तोच राहील. तुमच्या शेजाऱ्याचा प्लॉट मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही, मग तो कधी का येईना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका रडल्या, मीही रडले. येणार का म्हणून एकेका घराला विचारलं, आणि सगळी घरं म्हणाली, "नक्की, नक्की!"

तिथेच आमचे कान टवकारायला हवे होते. पण त्या दिवशी त्या शब्दांवर शंका घेणं म्हणजे आईच्या अंत्यविधीला जेवणाला नावं ठेवण्यासारखं झालं असतं.

जमीन घेऊन, रस्ते आखून, परवानग्या मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. तोवर आम्ही सरकारने दिलेल्या पत्र्याच्या डब्यांत राहिलो, उन्हाळ्यात भाजलो, हिवाळ्यात गोठलो. ज्यांची मुलं शहरात होती ते मुलांकडे गेले, तात्पुरते. हॅरॉल्ड आणि ल्युसिल सेंट लुईसजवळ मुलीकडे गेली, तीही तात्पुरतीच. वेंडल मात्र रोज वर जायचा. प्रत्येक प्लॉटपर्यंत त्याने स्वतः पाण्याचा नळ नेला, रस्त्यांना खालचीच नावं दिली, कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे लावून घेतले. पहिली घरं उभी राहिली तेव्हा आम्ही पाऊणशे कुटुंबंही नव्हतो. तीनशे प्लॉट आखलेले.

आणि ही पाऊणशे घरं जवळ जवळ नव्हती. कशी असतील? शेजार तोच राहायचा होता ना. ज्याने त्याने आपापल्या ठरलेल्या जागी घर बांधलं आणि मधले प्लॉट न आलेल्यांसाठी राखून ठेवले. माझ्या घरापासून व्हेल्माच्या घरापर्यंत खाली असताना हाक घराघरांतून पुढे पोचायची. वर मध्ये नऊ प्लॉट गवत. टिलीला खिडकीतून समोर दिसायचा तो जमिनीतून वर आलेला एक नळ, कारण एडना आयोवाला भाचीकडे होती. वाटीभर साखर हवी तर गाडी काढावी लागायची. जगाच्या पाठीवर शेजारासाठी बांधलेलं आणि शेजारी नसलेलं दुसरं गाव नसेल.

वेंडल दर शनिवारी फोन घेऊन बसायचा. एडनाला, श्रेडरना, हॅरॉल्डला.

"काय रे, कधी सुरू करतोस? तुझ्या प्लॉटवरचं गवत मीच कापतोय!"

"वसंत येऊ दे, मग बघू या की," हॅरॉल्ड पलीकडून म्हणायचा.

"पाया मी खणून ठेवू का?"

"अरे, राहू दे, तुला कशाला त्रास!"

फोन ठेवून वेंडल स्वयंपाकघरात यायचा आणि व्हेल्माला सांगायचा, "वसंतात येतायत." व्हेल्मा खिडकीच्या काचा पुसायची. समोरचा डिकमनांचा प्लॉट खिडकीतून स्वच्छ दिसायला हवा ना. रविवारच्या डावाला आता दोन भिडू कमी होते, पण ल्युसिलच्या खुर्चीवर तिने मलाही बसू दिलं नाही.

वर राहायला आल्याच्या तिसऱ्या वर्षी शाळेचं निघालं. जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने कळवलं की पुढच्या ऑगस्टपर्यंत साठ मुलं झाली नाहीत तर बेंडची शाळा बंद, आणि आहेत ती मुलं बसने वेस्टफलला. आमच्याकडे तीसच्या आसपास होती. मी त्यांना रोज वाढत होते, प्रत्येकाला काय आवडत नाही ते मला पाठ होतं. शाळा गेली की तरुण घरं जाणार, ती गेली की दुकान जाणार, मग चर्च, मग आम्ही. हे समजायला महापौर व्हावं लागत नाही.

आणि त्याच हिवाळ्यात रमीरो एस्कोबेडो आला. वेस्टफलला डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना निघाला होता, त्यात कामाला मेक्सिकोकडची बरीच कुटुंबं आली होती. एका पडक्या मोटेलात दाटीवाटीने राहायची. रमीरो त्यांच्यातल्या चौदा घरांच्या वतीने आला. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी, बरोबर त्याची बायको एल्विया. तिने मक्याच्या पानांत बांधून वाफवलेले तमाले आणले होते. व्हेल्माने एक खाल्ला, मग "पुरे" म्हणून आणखी दोन खाल्ले. मी डोळ्यांनी पाहिलं.

"साहेब," रमीरो म्हणाला, "बँक कर्ज द्यायला तयार आहे. घरं आम्ही स्वतः बांधू, आमच्यात गवंडी आहेत, सुतार आहेत. फक्त एक आहे. आम्हाला जवळ जवळ जागा द्या. आमच्या बायका एकमेकींशिवाय राहू शकत नाहीत."

"मुलं किती?" मी दारातून विचारलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

एल्वियाने हसून बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "चाळीस तर आहेत, ताई. एक वाटेवर आहे."

मी वेंडलकडे पाहिलं. माणसाने देवाकडे मागावं आणि देवाने गाडी करून दारात आणून सोडावं, अशी ती गोष्ट होती. वेंडलचाही चेहरा उजळला होता. मग रमीरो खिडकीशी गेला आणि बाहेर बोट करून म्हणाला, "हा समोरचा कुणाचा आहे?"

"तो डिकमनचा," वेंडल म्हणाला.

"आणि त्याच्या बाजूचा?"

"श्रेडरचा."

"ते कुठे राहतात, साहेब?"

"येणार आहेत," वेंडल म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

त्या आठवड्यात त्याने एकेकाला फोन केले. आपला प्लॉट सोडतोस का, म्हणून विचारलं. एकानेही सोडतो म्हटलं नाही. हॅरॉल्ड तर दुखावल्यासारखा म्हणाला, "अरे, माझा प्लॉट दुसऱ्याला? तूच देणार?" मग सभा झाली. टिली म्हणाली, "एडनाची जागा दिली तर मी एडनाला काय तोंड दाखवू?" ती खरंच तसं मानत होती. नॉर्बर्ट लूकनच्या पोटात वेगळंच होतं. "आज चौदा घरं, उद्या चाळीस, मग चर्चमध्ये प्रार्थना कुठल्या भाषेत करायची ते त्यांना विचारा," तो म्हणाला, आणि त्याच्यासारखे आणखी काही शब्द पाळण्याच्या पदराआड लपून बसले. पण शेवटचा निर्णय वेंडलचा होता. त्याने हो म्हटलं असतं तर लोकांनी तोंडं वाकडी केली असती आणि सहा महिन्यांनी तमाले खाल्ले असते. बेंडला मी ओळखते.

सभेनंतर मी त्याला गाडीपाशी गाठलं. "वेंडल, अरे, मुलं येतायत. दे त्यांना जागा. हॅरॉल्ड आला तर त्याला माझा प्लॉट दे, मी व्हेल्माकडे राहीन."

"तुझा प्लॉट माझ्या समोर नाहीये, मॅव्हिस."

"मग काय बिघडलं?"

"मी शब्द दिलाय. पुरात सगळं गेलं लोकांचं. एवढा एक शब्द दिलाय मी त्यांना." मी चिडून गाडीच्या चाकाला लाथ तेवढी मारली.

त्याने रमीरोला मागच्या अंगाचे प्लॉट देऊ केले. ते कुणाचेच नव्हते, कारण ते सांडपाण्याच्या तळ्याला लागून होते. रमीरो तिथे उभा राहिला, वाऱ्याची दिशा पाहिली, मग मोकळ्या गावाकडे पाहिलं. रागावला नाही तो. "साहेब," त्याने विचारलं, "जे इथे नाहीत त्यांना चांगली जागा, आणि आम्ही आलोय तर आम्हाला ही?" वेंडल म्हणाला, "पुढे बघू या की." रमीरो आमच्यातला नव्हता, पण एवढं त्याला कळलं.

ती चौदा घरं वेस्टफलला गेली. तिथल्या शाळेने पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढवल्या. आमची ऑगस्टमध्ये बंद झाली. मी भांडी घासून पालथी घातली, गॅसची मुख्य कळ फिरवली आणि दाराबाहेर पायरीवर बसून राहिले. वेंडल आत वर्गावर्गांतून फिरत नळ गळतायत का बघत होता. शाळा बंद झाल्यावर नळ गळला काय अन् न गळला काय, पण तो बघत होता. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना, ते माणसाच्या चेहऱ्यावर कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. भीड भिकेची बहीण, हेही म्हणतात. बर्फ पडायच्या आत नऊ घरं विक्रीला निघाली. घेणार कोण? लोक कुलपं लावून गेले, आणि जाताना वेंडलला सांगून गेले की प्लॉट आमच्या नावावर राहू दे. आज टेकाडावर एकतीस माणसं आहेत. त्यात तरणं कुणी नाही.

शाळा बंद झाली त्याच वर्षी ऑक्टोबरात वेंडल म्हणाला, "चल, हॅरॉल्डकडे जाऊ." त्याची नजर अधू झाली होती, म्हणून गाडी मी चालवली. व्हेल्माने ल्युसिलसाठी चेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. वाटेत तो चारदा तरी म्हणाला की हिवाळ्याआधी पाया घालून टाकू, हॅरॉल्ड आला की निदान दोन-चार घरं त्याच्यामागून येतील.

आम्ही मुलीचं समजत होतो त्या घराचा रंग ताजा होता. ल्युसिल मला मिठी मारून रडली. तिच्या स्वयंपाकघरात नवी कपाटं, खिडकीत कुंड्या. टेबलाभोवती चार खुर्च्या ओढून ठेवलेल्या, मध्ये पत्त्यांचा जोड. आम्ही कॉफीला बसलो न बसलो तोच मागच्या दाराने एक जोडपं आत आलं, न ठोठावता, स्वतःच्या किल्लीने. बाई हातातला केक ठेवत म्हणाली, "अगं बाई, पाहुणे आहेत का? मग आज डाव राहू दे."

ती दोघं गेल्यावर वेंडलने कप खाली ठेवला.

"हॅरॉल्ड, पाया कधी घालायचा?"

"बघू या की."

"नाही," वेंडल म्हणाला. इतक्या वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "बघू या नको. येतोस की नाही?"

हॅरॉल्ड भिंतीकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "अरे, हे घर आम्ही पुराच्याच वर्षी घेतलं. सरकारचे पैसे आले त्याच महिन्यात."

"मग मला तसं सांगायचं ना."

"तू किती उत्साहाने बोलायचास. कसं सांगणार? आणि मला वाटलं, तुला कळतंय. तूही बेंडचाच ना, वेंडल? मी काय, सगळेच तसं म्हणत होते."

"त्या मेक्सिकोच्या माणसासाठी प्लॉट मागितला, तेव्हा तरी सोडायचास."

"सोडतो म्हटलं असतं तर येत नाही म्हटल्यासारखं झालं असतं," हॅरॉल्ड म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला त्याचा गळा धरावासा वाटला.

आम्ही परतलो तेव्हा घरी व्हेल्माने हॅम भाजलं होतं, तीन ताटं मांडली होती. आम्ही कोट काढायच्या आत तिने विचारलं, "काय म्हणाली ल्युसिल? कधी येतायत?"

"येत नाहीत," वेंडल म्हणाला. "ते कधी येणारच नव्हते. कुणीच येणार नव्हतं."

व्हेल्मा सुरी हातात धरून उभी राहिली. खिडकीच्या काचा सगळ्यात जास्त तिने पुसल्या होत्या, त्यामुळे ती आधी त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात, मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तसं तिने विचारलं, "मग त्या चौदा घरांना आपण परत का पाठवलं, वेंडल?"

वेंडल कोटासकट खुर्चीवर बसला.

"हॅरॉल्डला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

आणि ते आपल्याच कानांनी ऐकून त्याने टेबलावर डोकं टेकलं. व्हेल्माने हॅम तसंच झाकून ठेवलं.